कारभारी बदलताना : वाचनालयाचा संगणक आणि त्याची नवी प्रणाली

(रायापूर, हुबळी-धारवाड येथील व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे चाललेल्या वाचनालयातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर वाचक एखाद्या दुर्मिळ ग्रंथाकडे बोट दाखवील, देणगीदार इमारतीकडे पाहील. ग्रंथपाल मात्र दाखल-नोंदवही पुढे करील. कोणता ग्रंथ केव्हा आला, कोणाकडून आला, काय किमतीस आला, बांधणीस केव्हा गेला आणि गहाळ झाला असल्यास केव्हा झाला, हे सारे त्या वहीत असते. टाकाने लिहिलेली, कडा झिजलेली, क्वचित वाळवीने चाखलेली अशी ती वही आजही उघडली की वाचता येते. तिला वीज लागत नाही, आणि अमुक तारखेपासून या वहीचा आधार संपुष्टात येत आहे असे कोणी जाहीर करीत नाही.

संगणकातील सूचीचे तसे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली जगभर कोट्यवधी संगणकांवर होती, आणि ज्या वाचनालयांनी गेल्या दहा वर्षांत एखाद-दुसरा संगणक घेतला त्यांच्याकडेही बहुधा तीच होती. तेव्हापासून अनेक कार्यकारिणींच्या बैठकीत हा विषय येतो आणि पुढील बैठकीवर ढकलला जातो. नवी प्रणाली घालावी की जुनीच चालू द्यावी? संगणकच नवा घ्यावा की आहे त्याच यंत्रावर दुसरी, विनामूल्य प्रणाली बसवावी? मोठ्या कचेऱ्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. तेथे तज्ज्ञ असतात आणि अंदाजपत्रकात तरतूद असते. वाचनालयाला मात्र तो यंत्राचा प्रश्न म्हणून सोडवताच येत नाही, कारण त्या यंत्राच्या पोटात वाचनालयाची सूची आहे. हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेल्या रायापूरच्या परिसरात तर या सूचीला दोन लिप्या सांभाळाव्या लागतात. मराठी मातृभाषा असूनही कन्नडचे महाकवी झालेले द. रा. बेंद्रे ज्या शहरात राहिले आणि जी. ए. कुलकर्णी यांनी जेथे वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिली, त्या धारवाडच्या शेजारी एकाच लेखकाचे ग्रंथ दोन लिप्यांत आढळणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगणे इष्ट. संगणकाचे अवयव एकीकडे आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम दुसरीकडे. या दोहोंच्या मध्ये बसून कोणाला किती जागा द्यायची, पडद्यावर काय उमटवायचे, छपाईयंत्राला काय सांगायचे आणि बाहेरून आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे ठरवणारा कारभारी म्हणजे ही प्रणाली. कारभारी बदलला की घर तेच राहते. परंतु नव्या कारभाऱ्याला जुने दप्तर वाचता येईलच असे नाही. हे दुःख या प्रांताला नवे नाही. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि जुन्या घराण्यांच्या माळ्यावर मोडीतील रुमाल अजून सापडतात. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषाही आपलीच. पण वाचणारा मिळत नाही. मोडी लिपीला युनिकोड या जागतिक मानकात स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, म्हणजे ती शाळांतून गेल्यानंतर दोन पिढ्यांनी.

संगणकावरील मराठीच्या बाबतीत दप्तर न वाचता येण्याचा हा प्रसंग अवघ्या पंचवीस वर्षांत दोनदा आला. त्यातील पहिला प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण तेथे नवी प्रणाली घेणारे मागे गेले.

१९८५ च्या अखेरीस युनेस्कोने लहान संगणकांसाठी 'सीडीएस-आयसिस' हा सूचीकरणाचा कार्यक्रम सिद्ध केला. भारतात 'निसॅट' या शासकीय योजनेमार्फत तो ग्रंथालयांपर्यंत पोचला आणि अनेक ग्रंथपालांनी संगणकाची अक्षरओळख याच कार्यक्रमावर करून घेतली. तो डॉस या प्रणालीवर चाले. काळा पडदा, चित्रे नाहीत, माऊस नाही. भारतीय लिप्यांची सोय डॉसमध्ये मुळातच नव्हती. ती पुरवली 'जिस्ट' तंत्राने. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले हे तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे वाढवले. संगणकाच्या पेटीत एक कार्ड बसवावयाचे, की त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. तिची मौज अशी की 'क' या वर्णाला एकच संकेत; तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये, हा केवळ दाखवण्याचा प्रश्न. ज्याला वर्ण कळतो त्याला लिपीने अडू नये, हा भारतीय लिप्यांचा मूळ स्वभाव त्या मानकाने ओळखला होता. दोन लिप्यांत वावरणाऱ्या सीमाभागातील वाचनालयाला याहून सोयीचे काय असणार?

मग २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' आली. रंगीत पडदा, खिडक्या, माऊस, आणि छापखान्याला शोभतील अशी घोटीव अक्षरे. सर्वांना ती हवीशी वाटली, आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु या प्रणालीलाही देवनागरी ठाऊक नव्हती. तेव्हा युक्ती निघाली ती टंकांची. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवावयाचे. 'कृतिदेव' या टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला की माणसाला मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. त्या टंकात 'क' बसतो डीच्या जागी आणि 'म' बसतो ईच्या जागी. मग संगणकाला अकारविल्हे यादी लावण्यास सांगितले की 'क' संपताच 'म' सुरू होतो, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदली जात असल्यामुळे 'किशोर' आपल्या कुळापासून तुटून भलतीकडेच जाऊन बसतो. ज्याने आयुष्यभर कार्डे अकारविल्हे लावली त्या ग्रंथपालाला या यादीकडे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

त्यातही प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे स्वतःचे टंक, शिवाजी. एकात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की चिन्हांची जत्रा. काही संचांबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे छोटे कुलूप येई. ते हरवले की लेखणीच हरवली. कन्नडच्या बाजूस 'नुडी' आणि 'बरह' यांनीही आरंभी अशीच टंकाश्रित वाट धरली होती, त्यामुळे एका यादीत दोन लिप्या नांदवण्याची जी सोय जिस्टने दिली होती ती गेली. अक्षरे सुंदर झाली आणि नोंद बिघडली. डॉसवरची ओबडधोबड सूची टाकून विंडोज ९५ वरील देखणी सूची ज्यांनी घेतली, त्यांनी रोख देऊन उधारी विकत घेतली असे आज म्हणावे लागते. त्या वेळी ते कोणाला दिसले नाही. छापून आलेली यादी तर निर्दोषच दिसत होती.

दुसऱ्या प्रसंगी नेमके उलटे घडले. भाषा कोणतीही असो, प्रत्येक वर्णाला जगभर एकच संकेत असावा, या हेतूने युनिकोड मानक १९९१ पासून आकार घेत होते. त्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरच बेतलेली आहे. म्हणजे डॉसच्या काळ्या पडद्यामागचा विचार वाया गेला नाही, तो केवळ काही वर्षे आडबाजूला पडला. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या 'विंडोज २०००' ने हे मानक देवनागरीसाठी प्रथम अंगी बाणवले. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक मुंबईचे सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये, 'विंडोज एक्सपी' आली आणि तिच्यात 'तुंगा' या टंकासह कन्नडही आली. या वेळी जुन्या 'विंडोज ९८' ला धरून बसणे हा शहाणपणा नव्हता. नवी प्रणाली घेतली तरच मराठी आणि कन्नड एका कागदावर, एका यादीत, खऱ्या अर्थाने लिहिता येणार होती.

तरीही पुष्कळ ठिकाणी काय झाले? एक्सपी आली, पण तिच्यात भारतीय लिप्यांची सोय मुळात बंद असे. एका चौकटीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि ही खूण करायची असते हे पुरवठादाराने सांगितले नाही, ग्रंथपालाने विचारले नाही. नव्या प्रणालीवर जुना टंक चढवला गेला आणि जुनी सूची तशीच पुढे चालू राहिली. कारभारी नवा आला, त्याला मराठी येत होते. पण दप्तर सांकेतिक भाषेतच लिहीत राहिले. आज ज्या वाचनालयांची सूची अडकून पडलेली दिसते, त्यांतील बऱ्याच सूची या कारणाने अडकल्या आहेत. प्रणाली बदलणे आणि नोंद सुधारणे ही दोन कामे आहेत. पहिले केले म्हणजे दुसरे आपोआप होते, हा समज फार महागात पडला.

पुढील प्रणालींनी लहानसहान गोष्टी दिल्या, पण मराठी वाचकाला त्या लहान वाटणार नाहीत. 'ॲ' या अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला २००८ मध्ये. एक्सपीच्या मूळ टंकात त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये गेले. तेव्हा एक्सपीवर दाखल झालेल्या ग्रंथाच्या किमतीपुढे ते उमटणे शक्यच नव्हते. 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र तर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने नोंदलेला ग्रंथ सापडत नाही. कपाटात ग्रंथ आहे आणि सूची म्हणते नाही! वाचक निमूटपणे परत जातो, आणि ग्रंथ मागणीअभावी मागच्या खोलीत जातो. (१ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले आणि बेळगावचे बेळगावी, स्थळनामांच्या या दुहेरी नोंदींची भर वेगळीच.)

आता प्रस्तुत प्रश्नाकडे येऊ. विंडोज १० वरून ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ वर जाण्याने मराठी अक्षराला नवे असे काही मिळत नाही. मराठी, कन्नड दोन्ही विंडोज १० वर उत्तम चालतात. म्हणजे या वेळचा विषय लिपीचा नाही, सुरक्षिततेचा आहे, आणि त्याचा विचारही निराळ्या रीतीने करावयास हवा.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. १४ ऑक्टोबरला सायंकाळी चालणारे यंत्र १५ ऑक्टोबरला सकाळी तसेच चालले. फरक इतकाच की प्रणालीत जी छिद्रे यापुढे सापडतील ती बुजवणारा कोणी राहिला नाही. घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली होती. संस्थांना तीन वर्षांपर्यंत, दरवर्षी दुप्पट होत जाणारे शुल्क भरून मुदत घेता येईल असेही सांगितले होते. लहान वाचनालयाने दुसऱ्या मार्गाने जाऊ नये. तीन वर्षांच्या शुल्कात जुन्या यंत्राची किंमत निघून जाते आणि हाती काही उरत नाही.

छिद्रे बुजवली नाहीत तर काय होते? १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने एका दिवसात जगभरच्या संगणकांतील कागदपत्रांना कुलपे ठोकली. त्याने वापरलेले छिद्र बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. गंमत अशी की ज्यांना फटका बसला त्यांतील बहुतेक संगणक त्या वेळी आधार चालू असलेल्या 'विंडोज ७' वर होते; दुरुस्ती आली होती, पण कोणी लावली नव्हती. तेव्हा नवी प्रणाली घेतली की निश्चिंत झालो, हेही खरे नाही.

वाचनालयांनी तर ब्रिटिश लायब्ररीची हकीकत मुळातून समजून घ्यावी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जगातील त्या अग्रगण्य ग्रंथालयावर असाच हल्ला झाला. संस्थेने खंडणी दिली नाही. चोरांनी सुमारे ६०० गिगाबाइट माहिती उघड्यावर टाकली. ग्रंथ एकही गेला नाही, सारे आपापल्या फळीवर होते. पण सूची गेली, आणि सूचीवाचून ते कोट्यवधी ग्रंथ असून नसल्यासारखे झाले. मुख्य सूची परत वाचकांसमोर आली ती जानेवारी २०२४ च्या मध्यास, तीही केवळ पाहण्यापुरती. मार्च २०२४ मध्ये संस्थेने स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. असा अहवाल लिहिण्यास धैर्य लागते, आणि त्या संस्थेचा मोठेपणा त्यात दिसला. वर्षानुवर्षे साठत गेलेल्या जुन्या प्रणालींमुळे हानी वाढली, आणि त्यांतील काही आता आधार नसल्यामुळे वा नव्या व्यवस्थेत चालत नसल्यामुळे पूर्ववत करताच येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. इतका पैसा आणि इतके तज्ज्ञ हाताशी असून 'चालतंय तोवर चालू द्या' हे धोरण तेथेही भोवले.

लहान वाचनालयाला कोण लुटणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. असे हल्ले करणारा बहुधा माणूस पाहत नाही, उघडे दार पाहतो. आणि सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, अनामत रकमा हे सारे त्याच संगणकात असते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासंबंधी २०२३ मध्ये झालेल्या भारतीय कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणून इंटरनेटला जोडलेला, सभासदांची नोंद बाळगणारा संगणक आधार संपलेल्या प्रणालीवर ठेवू नये. येथे दुमत असण्याचे कारण नाही.

पण सगळे संगणक एकाच कामाचे नसतात, आणि निर्णय यंत्रागणिक व्हावा. जुनी सूची ज्या कार्यक्रमात अडकली आहे तो डॉसचा कार्यक्रम विंडोज ११ वर थेट उघडणारच नाही, कारण ही प्रणाली केवळ ६४ बिटांची आहे आणि १६ बिटांचे कार्यक्रम तिच्यात चालत नाहीत. असा एखादा म्हातारा संगणक अजून जिवंत असेल तर त्याला भंगारात घालण्याची घाई करू नये. त्याची इंटरनेटची तार काढावी, त्यावर 'यास कोणी सुधारू नये' अशी चिठ्ठी डकवावी आणि आतील नोंदी सुखरूप बाहेर येईपर्यंत तो सांभाळावा. जुन्या प्रणालीवर राहण्याचा हा एक प्रसंग रास्त आहे. मात्र ते राहणे नोंदी बाहेर काढण्यापुरते असावे. आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये.

हिशेबाचा संगणक वेगळा. टॅलीसारखा कार्यक्रम विंडोजवरच चालत असल्याने तेथे विंडोज ११ घ्यावी लागेल, आणि त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, ४ गिगाबाइट स्मृती व ६४ गिगाबाइट साठवण असावी लागते. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे साधारणतः २०१७ पूर्वीचे संगणक या यादीत बसत नाहीत. आडमार्गाने ती प्रणाली त्यांवर बसवून देणारे तंत्रज्ञ गल्लोगल्ली आहेत. पण अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्या एका कारणासाठी नवी प्रणाली घ्यायची तेच कारण निसटले.

वाचनकक्षातील आणि देवघेवीच्या खिडकीवरील संगणकांना मात्र लिनक्सचा विचार मोकळ्या मनाने व्हावा. २०१५-१६ चे यंत्र तिच्यावर सुखाने चालते, परवान्याचे शुल्क नाही, मराठी व कन्नड दोन्ही तयार मिळतात. केरळच्या शासकीय शाळांनी या मुक्त प्रणालीवर पिढ्या शिकवल्या आहेत. शिवाय वाचनालयांसाठी जगभर वापरला जाणारा 'कोहा' हा कार्यक्रम लिनक्सवरच नांदतो. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रामीण ग्रंथालय-न्यासाने १९९९ मध्ये तो करवून घेतला, कारण त्यांची जुनी व्यवस्था इसवी सन २००० ओलांडण्याजोगी नव्हती. जानेवारी २००० मध्ये तो चालू झाला, आणि न्यासाने तो जगाला मोफत दिला. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. प्रणाली बदलण्याच्या नाइलाजातून इतके चांगले काही निघाल्याचे उदाहरण विरळा. अडचणी नाहीत असे नाही. छपाईयंत्र रुसते, परिसरातील दुरुस्तीवाल्याला लिनक्स येतेच असे नाही, आणि तीस वर्षे विंडोजवर हात बसलेल्या ग्रंथपालाला पहिले दोन महिने जड जातात. रेखासंकेत वाचणारे यंत्र मात्र कळफलकासारखेच वागत असल्याने त्याची चिंता नको. जेथे सांगणारा एकही माणूस उपलब्ध नाही तेथे हा प्रयोग करू नये; पण आयआयटी आणि आयआयआयटी यांसारख्या संस्था ज्या शहरात उभ्या राहिल्या आहेत त्या धारवाडच्या परिसरात असा माणूस शोधून मिळणार नाही, हे पटत नाही.

हे सारे ठरवण्यापूर्वी एक काम आहे, आणि आश्रयदात्यांनी लक्ष द्यावे ते येथे. सूची यंत्राच्या आणि टंकाच्या तावडीतून आधी सोडवली पाहिजे. सीडीएस-आयसिसमधील नोंदी 'आयएसओ २७०९' या आंतरराष्ट्रीय विनिमय-रूपात बाहेर काढता येतात, आणि कोहासारखा कार्यक्रम त्याच घाटातील नोंदी आत घेतो. रकान्यांची जुळणी मात्र जाणकाराने करावी लागते. टंकांत अडकलेल्या नोंदींसाठी रूपांतराचे कार्यक्रम मिळतात. ते शेकडा नव्वद काम क्षणात केल्याचा भास निर्माण करतात आणि उरलेल्या दहात ग्रंथपालाला रडवतात: रफार चुकीच्या अक्षरावर, जोडाक्षर तुटलेले, अर्धा र दोन रीतींचा. त्याला उपाय एकच, मूळ दाखल-नोंदवही समोर ठेवून प्रत्येक नोंद माणसाने वाचणे. २०,००० ग्रंथांचे वाचनालय धरले आणि नोंदीमागे एक मिनिट धरले तर सुमारे ३३३ तास होतात. दोन सभासद रोज दोन-दोन तास बसले तर तीन महिन्यांचे काम. निवृत्त शिक्षकांनी भरलेल्या वाचनालयात हे अशक्य नाही; ज्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या त्यांच्याइतके योग्य हात कोणाचे?

पण या कामाला देणगी मिळत नाही. संगणक दिला की त्यावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते, छायाचित्र निघते. कपाट दिले तर साठ वर्षे नाव दिसते. संगणकावरचे नाव सात-आठ वर्षांत यंत्राबरोबर जाते. सुधारलेल्या नोंदीवर कोणाची पट्टी लावणार? शताब्दीच्या निमित्ताने कोणी नवा संगणक देऊ केला तर तो अवश्य घ्यावा. आणि निम्मी रक्कम सूची तपासण्याच्या मजुरीसाठी राखून ठेवण्याची विनंतीही करावी. सूची युनिकोडमध्ये, साध्या आणि सर्वांना उघडता येणाऱ्या स्वरूपात एकदा आली की विंडोज ११ घ्यावी की लिनक्स, हा प्रश्न रंग कोणता लावावा एवढ्यावर येतो. आणि ती आली नसेल तर कोणतीही प्रणाली घेतली तरी आठ-दहा वर्षांनी हीच बैठक, हाच विषय.

बदलाची वेळ ग्रंथमोजणीच्या दिवसांत साधावी, कारण तेव्हा देवघेव तशीही बंद असते. जुनी व्यवस्था त्याच दिवशी मोडू नये. रायापूरवरून जाणाऱ्या हुबळी-धारवाड रस्त्याच्या मध्यभागी २०१८ पासून 'चिगरी' बसगाड्यांची स्वतंत्र वाट धावू लागली. दोन्ही बाजूंचा जुना रस्ता चालूच राहिला, आणि लोकांनी आपल्या सवडीने वाट बदलली. तसे दोन महिने जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी नोंद करावी. काम दुप्पट होते, कुरकुर होते. परंतु नव्या व्यवस्थेतील चुका याच काळात बाहेर येतात, आणि जुनी हाताशी असते तोवर त्या दुरुस्त करता येतात.

राहिला प्रतींचा प्रश्न. देवनागरीचा प्रत्येक वर्ण आज प्रचलित असलेल्या रूपात तीन बाइट घेतो. तरीही २०,००० ग्रंथांची संपूर्ण सूची अंगठ्याएवढ्या स्मृतिपट्टीच्या एका कोपऱ्यात मावते. तिच्या दोन प्रती दर महिन्याला काढाव्यात आणि काढल्यावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, आशा आहे. एक प्रत हुबळीतील पदाधिकाऱ्याकडे, एक धारवाडमधील पदाधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही एरवी संगणकाला न जोडलेल्या. वर्षातून एकदा संपूर्ण सूची चांगल्या कागदावर छापून, बांधून, दाखल-नोंदवहीच्या शेजारी त्याच कपाटात ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर ती कोणत्या प्रणालीवर, कोणत्या कार्यक्रमातून, कोणत्या तारखेस निघाली हे ग्रंथपालाने स्वहस्ते शाईने लिहावे.